दुकानामागची खोली



काही दिवसांपूर्वी ठाण्याहून आमच्या भाचीचा निरोप आला. ती नर्स आहे, जावई हिशेबनीस आहेत, मूल चार वर्षांचे आहे. तिने विचारले होते, "मावशी, आम्ही ऑकलंडला यावे का? खरे काय ते सांग. तुझे फोटो पाहून काहीच कळत नाही." हे शेवटचे वाक्य आम्हाला लागले. का लागले ते पुढे येईलच. उत्तर लिहायला बसलो तेव्हा आमच्या अनुभवाइतकेच एक नाटक डोळ्यांपुढे येऊ लागले. म्हणून भाचीला द्यायचे उत्तर आणि त्या नाटकाचे परीक्षण आम्ही एकत्रच लिहीत आहोत. इस्रायलमध्ये, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात असलेल्या आपल्या घरांनाही ते थोडेफार लागू पडेल असे वाटते.

नाटकाचे नाव 'कृष्णन्स डेअरी'. न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे दुधाचे केंद्र नव्हे. गल्लीच्या कोपऱ्यावरचे दूध, पाव, वर्तमानपत्र, गोळ्या-चॉकलेट विकणारे लहान दुकान म्हणजे डेअरी. मुंबईकरांनी वाण्याचे दुकान समजावे, फक्त उधारीची वही नाही. लेखक आणि नट जेकब राजन हे केरळी वंशाचे, मलेशियात जन्मलेले आणि लहानपणीच न्यूझीलंडला आलेले. दिग्दर्शक जस्टिन लुईस. या दोघांच्या संस्थेचे नाव 'इंडियन इंक'. 1997 साली वेलिंग्टनला नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि 1999 साली एडिंबरोच्या महोत्सवात त्याला फ्रिंज फर्स्ट पारितोषिक मिळाले. पुढे 'द कॅंडलस्टिकमेकर' (2000) आणि 'द पिकल किंग' (2002) ही नाटके येऊन तिघांची एक मालिका झाली. पहिल्या नाटकानंतर वीस वर्षांनी, 2017 साली, त्याच दुकानाची पुढची कथा 'मिसेस कृष्णन्स पार्टी' या नावाने आली.

कथा साधी आहे. गोबी आणि झिना हे भारतातून आलेले जोडपे डेअरी चालवते. घरात तान्हे मूल आहे. गोबीला या देशात पाय रोवायचे आहेत, झिनाला घरची ओढ आहे. दुकानाच्या घंटीने संसारात सारखा व्यत्यय येतो. या कथेच्या जोडीने शहाजहान आणि मुमताजची कथा गुंफली आहे. एकच नट मुखवटे बदलून सगळी पात्रे करतो. शेवटी दुकानात चोरी करायला आलेल्याच्या हातून गोबी मारला जातो आणि झिना मुलाला घेऊन एकटी उरते.

प्रथम नाटकात जे खरे उतरले आहे ते सांगतो. दुकान आणि घर एकाच छपराखाली असणे ही गोष्ट नाटककाराने नेपथ्याची सोय म्हणून घेतलेली नाही. या देशात आलेल्या कितीतरी गुजराती, पंजाबी, चिनी कुटुंबांनी असाच संसार मांडला. पुढे दुकान, मागे खोली. दोन भाडी भरण्याची ऐपत नसते, म्हणून एकाच भाड्यात दोन्ही भागवायचे. त्याची किंमत अशी की घराला दार उरत नाही. जेवायला बसलात आणि घंटी वाजली की उठायचे. मूल रडत असले तरी आधी गिऱ्हाईक. नाटकात ही घंटी वाजते तेव्हा प्रेक्षक हसतात. आम्हीही हसलो. पण तिसऱ्यांदा वाजली तेव्हा आमचे यजमान हळूच म्हणाले, "ह्यांना एकदा तरी सलग जेवू द्या."

डेअरी स्थलांतरितांच्या हाती का आली यालाही कारण आहे. 1980 पर्यंत या देशात बहुतेक दुकाने शनिवार-रविवार बंद असत. डेअरीला मात्र ठराविक गरजेच्या वस्तू विकायची मुभा होती. म्हणजे सगळा देश सुट्टीवर असताना जो उभा राहील त्याची कमाई. पुढे शनिवारची बंदी उठली, 1990 साली रविवारचीही उठली आणि मोठ्या सुपरमार्केटांनी तो धंदा ओढून घेतला. मग डेअरीवाल्याने काय करावे? आणखी लवकर उघडावे, आणखी उशिरा बंद करावे. गोबीची धडपड याच काळातली आहे.

हे पाहताना बेने इस्रायल माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. आठवड्यातला एक दिवस घाणा बंद ठेवला म्हणून गावाने हे नाव दिले. अलिबागच्या आसपासच्या खेड्यात एक दिवसाचे तेल बुडाले तरी घर आपले होते, भात आपला होता. महागड्या शहरात शनिवारी दुकान बंद ठेवणाऱ्याचे भाडे कोण भरणार? आम्ही रुग्णालयात होतो. आजाऱ्याची सेवा शब्बाथलाही करावीच लागते, जीव वाचवणे सर्वांत आधी, हे आपल्या धर्मानेच सांगितले आहे. पण खरे बोलायचे तर पुष्कळ शनिवार आम्ही सेवेसाठी नव्हे, जादा दरासाठी मागून घेतले. ही कबुली आम्ही यापूर्वी कोणाला दिलेली नाही.

आता मुखवट्यांविषयी. समीक्षकांनी राजन यांच्या कसबाची पुष्कळ वाखाणणी केली आहे आणि ती योग्यच आहे. एक मुखवटा उतरवून दुसरा चढवताच खांदे, मान, आवाज सारे बदलते. परंतु आम्हाला त्यात निराळेच काही दिसले. एकच नट असल्यामुळे गोबी आणि झिना एकाच क्षणी आपल्यासमोर उभे राहू शकत नाहीत. एक आला की दुसरा गेलाच. आमच्या घरी नऊ वर्षे असेच चालले होते. मूल सांभाळायला बाई ठेवणे परवडेना, म्हणून यजमानांची दिवसपाळी आणि आमची रात्रपाळी. सकाळी साडेसातला आम्ही दारातून आत येत असू आणि ते बाहेर पडत असत. डबा, किल्ल्या आणि मुलाच्या तापाची खबर एवढी देवघेव उंबऱ्यावर व्हायची. नाटककाराने हा अर्थ मनात धरला होता की नाही ते तोच जाणे. पण चांगल्या कलाकृतीत मनात न धरलेलेही येते, आणि पाळीवर काम केलेल्या प्रत्येक जोडप्याला ते दिसेल.

याच मालिकेतील 'द पिकल किंग'चा उल्लेख इथे करायला हवा, कारण तो आमच्या व्यवसायाजवळचा आहे. त्यात भारतातून आलेला हृदयरोगाचा डॉक्टर हॉटेलात रात्रपाळीला सामान उचलतो. प्रेक्षकांना ही नाटकी अतिशयोक्ती वाटली असेल. आम्हाला वाटली नाही. आम्ही मुंबईत अकरा वर्षे नर्स होतो. पैकी चार वर्षे वॉर्डाची जबाबदारी सांभाळली होती. 1994 साली, गुणांच्या पद्धतीने परवाना मिळवून, आम्ही इथे आलो आणि कागदपत्रे मान्य होईपर्यंत एका वृद्धाश्रमात चौदा महिने अंथरुणे बदलली. त्या कामाची लाज नाही, ते काम थोर आहे. पण ज्याला इंजेक्शन द्यायचे त्याची उशी सरळ करून बाजूला व्हायचे आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलीने चुकीची शीर शोधताना गप्प उभे राहायचे, याला निराळी ताकद लागते. त्या डॉक्टरचा हुद्दा जातो, हात मात्र डॉक्टरचेच राहतात. नाटकाने ही गोष्ट विनोदाने सांगितली तरी हलकी केलेली नाही, हे त्याचे यश.

आता दोष. शहाजहान आणि मुमताजची जोडकथा रंगभूमीवर देखणी वाटते. बादशहाने प्रेमासाठी ताजमहाल बांधला, गोबीने प्रेमासाठी दुकान मांडले, असा तो धागा. परंतु ही तुलना गोबीला मोठे करते की त्याचा प्रश्न झाकून टाकते? मुमताज 1631 साली वारली, पुढच्या वर्षी काम सुरू झाले आणि परंपरेने असे सांगतात की सुमारे वीस हजार माणसे त्यावर राबत होती. गोबीचे नाते कोणाशी आहे? आमच्या मते त्या राबणाऱ्यांशी. बादशहाला भाडे भरायचे नव्हते. संगमरवर चढवणाऱ्याची बायको रात्री कुठे झोपत होती, हा या कथेतला खरा समांतर प्रश्न होता. नाटक तो विचारत नाही.

यातूनच मोठी उणीव निघते. सबंध नाटकात संसार आहे, विरह आहे, मृत्यू आहे, पण भाड्याची आकडेमोड कुठे जाणवत नाही. स्थलांतरिताच्या मनातली हुरहुर लेखकाला अचूक कळली आहे, त्याची वही मात्र त्याने उघडलेली नाही. ती वही आम्ही भाचीसाठी उघडतो.

ऑकलंडमध्ये देशाची जवळजवळ एकतृतीयांश वस्ती आहे. कामे तिथे आहेत म्हणून माणसे तिथे, आणि माणसे तिथे म्हणून घरे महाग. 2021 च्या अखेरीस शहरातील घराची मधली किंमत 13 लाख डॉलरच्या घरात गेली होती. नंतर ती उतरली, तरी 10 लाखांच्या आसपास आली एवढेच. भाडे इथे महिन्याचे नसते, आठवड्याचे असते. साध्या कुटुंबाच्या घराला आठवड्याला 600 ते 650 डॉलर सहज लागतात. शिवाय चार आठवड्यांपर्यंतचे भाडे अनामत म्हणून आधी भरावे लागते. ती रक्कम घरमालकाकडे राहत नाही, सरकारी खात्याकडे जमा होते, ही चांगली सोय आहे. आता 1 एप्रिल 2025 रोजी ठरलेले किमान वेतन पाहा. ताशी 23.50 डॉलर, म्हणजे चाळीस तासांचे 940, आणि तेही कर कापण्यापूर्वी. एकट्याच्या मजुरीतला दोनतृतीयांश भाग भाड्यात गेला, मग वीज, मोटार, पेट्रोल, दात दुखला तर दंतवैद्य. मोटार चैन म्हणून लागत नाही. शहर इतके पसरलेले आहे की पहाटेच्या पाळीला बस मिळत नाही.

भाड्याचा हा धक्का आपल्याला अधिक का बसतो? आमच्या वडिलांची माझगावला पागडीची खोली होती. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले भाडे. दोन खोल्यांत आम्ही आठ माणसे. जागा अपुरी होती, पण महिन्याचे भाडे म्हणजे बाजाराच्या दोन पिशव्या. घर जाईल ही भीती आम्हाला ठाऊकच नव्हती. इथे माउंट रॉस्किल भागात भाड्याने राहू लागलो आणि सोळा वर्षांत सहा घरे बदलली. प्रत्येक वेळी मुलाची शाळा, शेजार, भिंतीवर उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा मागे राहिल्या. आणि ही घरे उबदार असतील असे समजू नये. जुन्या लाकडी घरांत हिवाळ्यात ओल चढते, पडद्यामागे बुरशी धरते. मुलांच्या छातीत घरघर सुरू झाली की आम्ही औषधापूर्वी भिंतीला हात लावून पाहत असू. भाड्याच्या घराच्या छतात आणि जमिनीखाली थंडी अडवणारा थर घालणे 2019 च्या जुलैपासून सक्तीचे झाले. त्यापूर्वी वाढलेल्या मुलांचे काय झाले ते रुग्णालयांनी पाहिले आहे.

नाटकाच्या शेवटाविषयी पूर्वी आमचे मत प्रतिकूल होते. प्रेक्षकांना रडवण्यासाठी गोबीला मारले, असे आम्ही म्हणत असू. ते मत आम्ही मागे घेतो. 2022 च्या नोव्हेंबरात ऑकलंडच्या सॅंड्रिंगहॅम भागात, जिथे आम्ही कोथिंबीर आणि पोहे आणायला जातो, तिथल्या एका डेअरीत काम करणारा भारतीय तरुण चोरट्याच्या सुरीने मेला. त्या आठवड्यात दारापुढे फुलांचा ढीग होता. 1997 साली लिहिलेला शेवट पंचवीस वर्षांनी रस्त्यावर घडला. रात्री उशिरापर्यंत उघडे राहणे हीच ज्याची पुंजी, त्याच्यावरच हे संकट येते. लेखकाने हे आधी ओळखले होते. आम्हालाच ते नाटकी वाटले होते.

'मिसेस कृष्णन्स पार्टी'त झिना आता प्रौढ विधवा आहे. प्रसंग ओणमचा. प्रेक्षक हेच पाहुणे, दुकानामागच्या खोलीत बसलेले. समोर डाळ शिजते, फोडणीचा वास पसरतो आणि शेवटी सगळे ती डाळ खातात. घरात जेम्स नावाचा तरुण भाडेकरू आहे. त्याला गाणी वाजवण्याचा नाद आहे. त्याच्यामुळे पुष्कळ हशा होतो. आमच्या मते पहिल्या नाटकात जी वही बंद होती तिचे एक पान इथे नकळत उघडले आहे. झिनाने खोली भाड्याने का दिली असेल, हे ऑकलंडमधल्या कोणत्याही विधवेला विचारा. नाटक मात्र त्याला फक्त गमतीचे पात्र ठेवते. तो एका आठवड्याचे भाडे चुकवतो आणि झिनाला ते मागायला संकोच वाटतो, असा एक प्रसंग असता तर हे नाटक अधिक खोल गेले असते.

तरीही डाळीच्या प्रसंगाने आम्हाला जिंकले. आपल्याकडे मलिद्याचे तबक मांडतात, पोहे, खोबरे, गूळ, फळे, आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन सगळे मिळून खातात. तो प्रसाद एकट्याने खायचा नसतो. महाग शहर माणसाकडून पैसे घेते ते घेतेच, त्याआधी पाहुणा हिरावून घेते. बैठकीची खोली भाडेकरूला दिलेली, घरातली दोघे दोन पाळ्यांवर, नातेवाईक तीस मैलांवर. आमच्या मुलाच्या बार मित्स्वाच्या मलिद्याला दहा पुरुष जमवायला आम्हाला तीन आठवडे फोन करावे लागले, आणि दहावा गृहस्थ विमानतळावरच्या रात्रपाळीहून थेट आला. त्याने हात धुतले, प्रार्थना म्हटली, खुर्चीतच झोपला. तबक त्याच्यासाठी झाकून ठेवले. झिनाच्या खोलीत अनोळखी माणसांना वाटीभर डाळ मिळते तेव्हा आम्हाला तो गृहस्थ आठवला.

आता ते फोटो. आम्ही पहिली दहा वर्षे घरी जे फोटो पाठवले त्यात समुद्र होता, बाग होती, शेजाऱ्याची नवी मोटार होती आणि तिच्याजवळ उभे असलेले आम्ही होतो. ओल धरलेली भिंत नव्हती. खोटे आम्ही एक अक्षर लिहिले नाही, पण खरेही लिहिले नाही. गोबीसारखे आम्ही सदा आशेवर. त्या फोटोंवर भरवसा ठेवून यजमानांचा पुतण्या 2005 साली आला. कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून. अडीच वर्षांत शरीराने आणि मनाने थकून परत गेला. निघताना त्याने एवढेच विचारले, "काकू, आधी का नाही सांगितलेत?" त्याला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नाटकात घराची ओढ उघड बोलून दाखवणारी झिना आहे. पहिल्यांदा नाटक पाहिले तेव्हा ती आम्हाला रडवी वाटली होती. आज वाटते, खरे बोलणारी तीच होती.

तेव्हा भाचीला आमचे उत्तर असे. ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. आधी नर्सिंग कौन्सिलचे ठरव. 2023 च्या अखेरीपासून परदेशी नर्सला लेखी परीक्षा आणि मग क्राइस्टचर्चला प्रत्यक्ष कामाची परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही. 2023 मध्ये परदेशी नर्सेस मोठ्या संख्येने आल्या आणि 2024 मध्ये सरकारी रुग्णालयांनी भरती आवळली. म्हणून नोकरीचे पत्र हातात आल्याशिवाय ठाण्याची जागा विकू नको. सल्लागार घेतलास तर परवाना असलेलाच घे, त्यासाठी 2007 चा कायदा आहे. सहा महिन्यांचे भाडे गाठीला ठेव. ऑकलंडबाहेरच्या लहान गावांतही रुग्णालये आहेत, तिथे आधी पाहा. आल्यावर आमच्याकडे राहा, पण आमची बैठकीची खोली लहान आहे आणि हिवाळ्यात थंड असते, हे आताच सांगून ठेवतो.

नाटकाविषयी शेवटचा अभिप्राय. 'कृष्णन्स डेअरी' आणि 'मिसेस कृष्णन्स पार्टी' ही नाटके आपल्या वाचकांनी संधी मिळाल्यास अवश्य पाहावीत. परदेशी गेलेल्या माणसाला ती हास्यास्पद करत नाहीत आणि देवही करत नाहीत. वहीचा हिशेब त्यांत अपुरा आहे, तो ज्याने त्याने आपल्या घरचा भरून घ्यावा. आम्ही या वेळी भाचीला फोटोही पाठवला आहे. बागेचा नाही. पडद्यामागच्या भिंतीचा.